सगळ्यात खालच्या लीगचा ट्रेनर

पहिल्या भेटीत काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कंपनीही विचारली नाही. रेगेन्सबर्गच्या आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे आम्हा परदेशी लोकांना राहायचा परवाना देणाऱ्या कचेरीत, मी टोकन धरून बसलो होतो आणि पुण्याला आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तसा शेजारच्या खुर्चीवरचा पांढऱ्या मिशांचा गृहस्थ माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाला, "उजवा की डावा?" मला वाटलं, कुठल्या खिडकीत जायचं ते विचारतायत. "हात रे," ते म्हणाले. "फेकायचा हात कुठला?" मी उजवा म्हणालो. त्यांचा चेहरा जरा पडला. त्यांना डावखुरा हवा होता. तरी पण मोठ्या मनाने म्हणाले, चालेल, रविवारी सकाळी ये, बूट आण.

पुढे कळलं की त्या कचेरीत त्यांचं काडीचं काम नसायचं. जर्मन पासपोर्ट खिशात येऊन त्यांना जमाना झाला होता. ते तिथे यायचे ते माणसं हेरायला. नवीन आलेले विद्यार्थी, कार कारखान्यातले माझ्यासारखे इंजिनियर, एखादा व्हिएतनामी स्वयंपाकी, जो दिसेल त्याचे खांदे बघायचे, पंजे बघायचे, आणि गोड बोलून आपल्या बेसबॉलच्या संघात ओढायचे. खिडकीतल्या बाईने एकदा त्यांना बाहेर काढलं, तर हे समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. परदेशात नव्या आलेल्या माणसाला दोनच गोष्टी लागतात, घर आणि मराठी बोलणारं कोणीतरी. काकांकडे दोन्ही होतं. महिन्याभरात मी त्यांच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो आणि त्यांच्या संघात आपोआप जमा झालो.

घर रेगेन्सबर्गपासून बसने अर्ध्या तासावरच्या खेड्यात होतं. संघाचं नाव मोल्स. जर्मनीत बेसबॉल खेळतात हे बऱ्याच जर्मनांनाच माहीत नसतं, आणि मोल्स तर त्यातल्याही सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळत. हिच्याखाली कुठली लीग आहे, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "हिच्याखाली बटाटे." आणि ते खरंच होतं, कारण मैदानाच्या कडेपासून बटाट्याची शेतं सुरू होत, आणि आमचे निम्मे चेंडू त्यातच हरवत.

पण संघाचा इतिहास ते असा सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी राजघराण्याची वंशावळ चालली आहे. दुसऱ्या गावी सामना असला की गाडी चालवताना त्यांची जीभ सुटायची. "आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी सुरुवात करायचे, आणि मग संपूर्ण प्रवासात आम्हाला तोंड उघडायची सोय नसे. जवळच्या छावणीतल्या अमेरिकन सैनिकांनी हा संघ काढला. रविवारी ते गावातल्या पोरांना घेऊन खेळायचे. त्या पोरांतला एक काकूंचा भाऊ. काका तेव्हा नुकतेच सांगलीहून येऊन इथल्या कारखान्यात टूलमेकर म्हणून लागले होते, काकूंशी लग्न ठरत होतं, आणि मेव्हण्याने त्यांना सामना बघायला नेलं. झालं. पुढे बर्लिनची भिंत पडली, सैनिक घरी गेले, आणि जाताना हातमोज्यांची एक पिशवी, बॅटरच्या मागे यष्टिरक्षकासारखा बसतो त्या खेळाडूचा एक मुखवटा आणि हे मैदान मागे ठेवून गेले. मेव्हण्याची पाठ गेली. संघ काकांकडे आला. एका वर्षी मोल्स एक पायरी वर चढले होते, आणि पुढच्याच वर्षी परत खाली आले. त्या एका वर्षाला काका सुवर्णकाळ म्हणत. बाकी सगळा इतिहास पराभवांचा होता, पण प्रत्येक पराभवाला त्यांच्याकडे स्वतंत्र कारण होतं आणि एकही कारण दुसऱ्यांदा वापरलेलं मी ऐकलं नाही.

मैदानावर त्यांचा जीव होता. जर्मनीत माउलवुर्फ, इंग्रजीत मोल, नावाचा एक प्राणी आहे, आपल्या घुशीचा लांबचा भाऊ शोभेल असा. तो जमिनीखाली बोगदे काढतो आणि वर मातीचे ढीग टाकतो. त्यावरूनच सैनिकांनी संघाला मोल्स नाव दिलं होतं. त्याला मारायची कायद्याने बंदी. त्यामुळे संध्याकाळी जेवणाआधी काका फावडं घेऊन निघत, सगळे ढीग सपाट करत, आणि सकाळी तेवढेच ढीग पुन्हा हजर असत. चिडत मात्र नसत. म्हणायचे, तो बिचारा त्याचं काम करतो, मी माझं करतो. सामन्याच्या दिवशी पहाटे उठून स्वतः फक्की मारायचे. दोरी लावून मारलेली ती पांढरी रेघ इतकी सरळ असायची की पाहुण्या संघातली माणसंही ती ओलांडून जाताना पाय उचलून जायची.

त्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती, आणि तो शब्द म्हणजे क्रिकेट. आम्हा भारतीय पोरांना ते पहिल्याच दिवशी बजावत. कारण आमची खोडच तशी. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर पळायचं की नाही हे आपण ठरवतो. धाव दिसली नाही तर हात वर करून समोरच्याला थांबवायचं, बॅटने जमिनीवर दोन टपल्या मारायच्या आणि पुन्हा उभं राहायचं. बेसबॉलमध्ये हे चालत नाही. चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पहिल्या बेसकडे पळायचं म्हणजे पळायचं, चेंडू तिथे तुमच्याआधी पोचला तर तुम्ही बाद. हे शिकवता शिकवता त्यांचा घसा बसायचा. "पळ" हा शब्द ते मराठी, जर्मन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एका दमात ओरडत. कार्ल्सरूहेहून बदलून आलेल्या एका नागपूरच्या पोराने तीनदा चेंडू अडवला आणि तीनदा ऐटीत जागेवर उभा राहिला. काकांनी त्याला त्या दिवशी जेवायला घातलं, प्रेमाने वाढलं, आणि सांगितलं की पुढच्या रविवारी येऊ नकोस.

फक्त एकदा, काकूंच्या वाढदिवसाला, केक खाताना त्यांच्या तोंडून निघून गेलं की कॉलेजात असताना ते स्वतः सलामीला जायचे. सांगलीत त्यांना कोणी बाद करू शकत नसे. दुपारभर खेळून पंधरा-वीस धावा, पण विकेट नाही. सांगताना चेहऱ्यावर इतकं तेज आलं होतं की काकूही सुरी हातात धरून बघत राहिल्या. मग भानावर आले आणि कॉफी गार झाल्याची तक्रार करायला लागले.

काकू उंच, हाडापेराने मजबूत, खास बायरिश, म्हणजे इथल्या बव्हेरिया प्रांतातली बाई. त्यांना काकू म्हटलेलंच आवडे. त्या काकांना "अहो" म्हणत, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणत. सामन्याचं गुणलेखन त्या करायच्या, छत्रीखाली खुर्ची टाकून. मुलगा हाम्बुर्गला. त्याला मराठी कळायचं, पण तो उत्तर जर्मनमध्ये द्यायचा, आणि तेही नाताळातच. कारखान्यातला काकांचा विभाग बंद झाला तेव्हा त्यांना वेळेआधीच निवृत्त केलं होतं. राहिलं होतं ते मैदान.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला त्या उन्हाळ्याने आमचा घात केला. खिडक्या-खिडक्यांत झेंडे लागले, आणि गावातल्या झाडून सगळ्या मुलांना फुटबॉल खेळायचा होता. मैदान गावच्या क्रीडा मंडळाचं, म्हणजे फेराइनचं. फुटबॉल विभागाला मुलांसाठी दुसरं मैदान पाहिजे होतं आणि आमच्या मैदानावर तर रविवारी नऊ माणसं जमायची मारामार. फुटबॉल विभागाचा प्रमुख वाईट माणूस नव्हता. काकांना रस्त्यात भेटला की "सेर्वुस, ट्रेनर" म्हणून टोपीला हात लावायचा. मंडळाने तोडगा काढला. मोल्सनी पुढच्या मोसमातले सगळे सामने पुरे नऊ खेळाडूंनिशी खेळून दाखवावेत, मग शरदातल्या सभेत मैदानाचा निर्णय करू.

काका त्या वर्षी झपाटल्यासारखे झाले. आउसलेंडरबेहोर्डच्या खेपा वाढल्या.  एका दुपारी काकू स्वयंपाकघरात श्पार्गेल, म्हणजे इथली पांढरी शतावरीची भाजी, सोलत होत्या, मी मदतीला बसलो होतो, तेव्हा मी सहज म्हणालो की मैदान गेलं तर काकांना जरा विश्रांती तरी मिळेल. त्यांनी सोलणी खाली ठेवली.

"तीस वर्षं राहतोय तो या गावात," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "त्याचं आडनाव अजून एकालाही धड म्हणता येत नाही. पण ट्रेनर सगळे म्हणतात. ते गेलं की तो पुन्हा रस्त्याच्या टोकाला राहणारा परदेशी माणूस. तू तरुण आहेस, तू परत जाशील. तो कुठे जाणार?"

मी त्यांनी ठेवलेली सोलणी उचलली आणि उरलेले श्पार्गेल सोलायला लागलो. 

मोसम पार पडत आला. हरत हरत, पण दर रविवारी नऊ जण उभे राहिले. शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता. मंडळाचे लोक मुद्दाम बघायला आले होते, फुटबॉलवाले बिअर घेऊन कडेला उभे होते. आणि सकाळी एका विद्यार्थ्याचा फोन आला, तापाने फणफणलोय म्हणून. आठच उरले. काकांनी फोन ठेवला, आत गेले, आणि कपाटातून जुना गणवेश घालून बाहेर आले. पोटावरची बटणं लागत नव्हती. गुडघा तर कधीच कामातून गेला होता. पण नियमात वयाची अट नव्हती. "मी उभा राहतो," म्हणाले. "नुसतं उभंच राहायचंय ना."

त्यांना आम्ही उजव्या कोपऱ्यात दूर उभं केलं, जिथे चेंडू फारसा येत नाही. बॅटिंगला ते तीनदा चेंडूला न शिवता परत आले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण त्या दिवशी मोल्स चांगले खेळत होते. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, दोन गडी बाद होते, तिसरा बाद झाला की सामना संपणार होता, गावातला सुतार तिसऱ्या बेसवर पोचला होता, आणि पाळी काकांची आली. ते पहिल्या बेसवर सुखरूप पोचले असते तर सुताराची धाव मोजली जाणार होती आणि सामना बरोबरीत येणार होता.

चेंडू आला आणि काकांनी तो मारला. मारला म्हणजे अडवला, बॅट सरळ धरून, कोपर वर, मान खाली. चेंडू लोळत लोळत पुढे गेला. तो उचलायला धावलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ओल्या गवतावर घसरून पडला. काका त्या गुडघ्यानिशी चालत निघाले असते तरी पोचले असते. सुतार तिसऱ्या बेसवरून सुटला. आणि काकांनी त्याच्याकडे बघून हाताचा पंजा वर केला. थांब. मग खाली वाकले आणि बॅटने जमिनीवर दोन टपल्या मारल्या.

आम्ही सगळे ओरडत होतो. सुतार बिचारा ट्रेनरचा हात बघून अर्ध्यातून परत फिरला होता. पिचर उठला, चेंडू उचलला, आणि घाई न करता पहिल्या बेसकडे फेकला. सामना संपला. काकांनी वर बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अगदी समाधान होतं, नीट खेळून काढलेल्या चेंडूचं. ते उतरायला दोन-तीन क्षण लागले. ते उतरताना बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

कडेला हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हे, बिअरचा. आम्ही पोरांनी काकांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, कारण सामना हरलो तरी अट पुरी झाली होती. नऊ जणांनी मोसम संपवला होता. त्यांनी आम्हाला बाजूला केलं. हरण्याचं त्यांना दुःख नव्हतं, हरण्यात तर त्यांचं आयुष्य गेलं होतं. फावडं घेऊन ते बॅटरच्या जागेची उकरलेली माती सारखी करत बसले. मी शेजारी गेलो तर वर न बघता म्हणाले, "इतकी वर्षं इथे राहून माझ्या हातात अजून तेच आहे बघ."

सभा वीर्ट्सहाउसमध्ये झाली, गावातल्या खाणावळीच्या मागच्या दालनात. काका कोट घालून आले होते. त्यांनी उभं राहून शुद्ध, व्यवस्थित जर्मनमध्ये सांगितलं की मंडळाने अट घातली, आम्ही ती पाळली. लोकांनी माना डोलावल्या. सुतार बोलला. अध्यक्षही म्हणाले की शब्द तो शब्द. मला वाटलं, वाचलो.

मग फुटबॉलचा प्रमुख उठला. तो म्हणाला, मला ट्रेनरबद्दल फार आदर आहे. पण खरं सांगा, ज्या खेळात पळायचं असतं हे आपल्या ट्रेनरलाच आठवत नाही, त्या खेळासाठी आपण आपल्या मुलांचं मैदान अडवून धरायचं का? एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने हाताचा पंजा वर केला, वाकला, आणि हातात नसलेल्या बॅटने लाकडी जमिनीवर दोन टपल्या मारल्या. सगळं दालन हसलं. आमच्या संघातले दोघे हसले. अध्यक्ष हसले. काकाही हसले, आणि त्याचाच मला आजपर्यंत राग आहे. कोणाचा राग, ते विचारू नका, मलाही नक्की सांगता येत नाही. हात वर करून मतं घेतली, आणि त्या हसण्याच्या भरात हात वर गेले. मैदान फुटबॉलला. मोल्सना पाहिजे तर सगळे सामने दुसऱ्यांच्या गावात जाऊन खेळायची मुभा. काकांनी आभार मानले.

हिवाळ्यात एकेक जण गळाला. सुताराने फुटबॉलच्या मुलांना गोलचे लाकडी खांब करून दिले आणि तिकडेच रमला. विद्यार्थी पास होऊन गेले. काका मात्र म्हणत राहिले की वसंतात येतील सगळे. एप्रिलमधला पहिला सामना न्युरेम्बर्गच्या बाहेर होता. गाडीत काका, काकू आणि मी. मागे सगळं सामान, नऊ जणांना पुरेल इतकं. वाटेत त्यांनी इतिहास सांगितला नाही.

तिथला संघ तयार उभा होता. पंच वयस्कर होता, सौम्य होता. त्याने ठरलेली वेळ वाट बघितली, मग जवळ येऊन म्हणाला की मोल्स हजर नाहीत, असं त्याला कळवावं लागेल. काका म्हणाले, "इश बिन डोख डा." मी आलोय ना.  समोरच्या संघातली पोरं चांगली होती. म्हणाली, आमच्यातले काही जण तुम्हाला देतो, मजेत एक सामना खेळू. काकांनी विचारलं, तो लीगमध्ये धरला जाईल का? नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसले. काकू गुणलेखनाची खुर्ची मिटत होत्या. ती मिटता मिटेना, तेव्हा मी जाऊन मिटली.

मग मी कार्ल्सरूहेला नवी नोकरी धरली आणि खेडं सोडलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा शनिवारी भेटायला गेलो. काका बारीक झाले होते. आउसलेंडरबेहोर्डला जात नसत, फावडं कुठे आहे ते मी विचारलं नाही. काकू म्हणाल्या, चला, बेकरीत जाऊन येऊ, यांचे पाय मोकळे होतील. रांगेत आमच्या पुढे फुटबॉलचा प्रमुख उभा होता, पोरांसाठी ब्रेत्सलच्या पिशव्या भरून. वळून त्याने काकूंशी हात मिळवला. हवा, पीकपाणी (आपल्या उसाच्या जागी इथे बीट), पाठीचं दुखणं असं काय काय बोलणं झालं. मग काकांकडे नुसती एक नजर टाकली आणि त्यांच्या बायकोलाच विचारलं, "आणि तो? तो काय करतो हल्ली?"

तीस-पस्तीस वर्षं ज्याच्याशी तो जर्मनमध्ये बोलला, थट्टा केली, भांडला, तो माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. काकूंचा चेहरा लाल झाला. त्या काही बोलणार, इतक्यात काकांनी माझ्या बाहीला हात लावला. आवाज अगदी शांत होता.

"सांग त्याला," ते मराठीत म्हणाले. "म्हणावं, घरी असतो."

मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये भाषांतर करून सांगितलं.